क्षितिजाआडची आग

समुद्रात एक जागा अशी आहे जिथे रात्र होत नाही, असं मी लहानपणी ऐकलं होतं. सांगणारा एका मच्छीमार होडीचा तांडेल होता. पावसाळ्यात होड्या पुळणीवर ओढून झापांनी शाकारल्या की तो आमच्या पडवीत येऊन बसायचा, आजीने दिलेला चहा बशीत ओतून घ्यायचा आणि कौलांवर पाऊस कोसळत असताना आम्हां मुलांना दर्या सांगायचा. ‘तिथं रात नाय होत, पोरी,’ तो म्हणायचा. बोट पश्चिमेला हाकत जायचं, हाकत जायचं. आधी घरं बुडतात, मग माड, मग डोंगर, मग दीपगृहाचा मिचमिचता डोळाही पाण्याखाली जातो, आणि सगळीकडे नुसता काळोख उरला असं वाटतं तोच समोर आभाळाची कड तांबूस व्हायला लागते. जवळ जावं तर लोखंडी पायांवर भर समुद्रात उभी राहिलेली गावं, गावांना जोडणारे पूल, आणि गावाबाहेर एका लांब हाताच्या टोकाशी सतत जळणारी ज्वाळा, पावसाला न जुमानणारी, वाऱ्याने आडवी होऊन पुन्हा उठणारी, खालच्या पाण्यावर तांब्याचा रस ओतत राहणारी. त्या उजेडाला मासळी जमते. पण जाळं टाकायचं नाही. भोवतीच्या पाचशे मीटरांत मच्छीमाराला मज्जाव.

तो गेल्यावर मी पुळणीवर जाऊन पश्चिमेकडे टक लावून बघत असे. फेसाची पांढुरकी रेघ, तिच्यामागे काळोखाचा श्वास, कुठे एखाद्या जहाजाचा एकाकी दिवा. ज्वाळा नाही. पुढे शाळेत कळलं की किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाची नजर पाण्यावरून जेमतेम पाच किलोमीटर जाते. तिथून पृथ्वी आपला खांदा वळवते आणि समुद्र त्या खांद्याआड उतरून जातो. तांडेलाची ती गावं, मुंबई हाय तेलक्षेत्राची, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर. तिथली आग मला दिसणारच नव्हती.

दिसायचं ते दुसरंच काही.

ज्येष्ठ सरता सरता समुद्र ढवळून निघाला, पाण्याचा निळा रंग जाऊन मातकट झाला, की एखाद्या सकाळी भरतीच्या रेषेवर काळे गोळे पडलेले असत. कुठे वाटाण्याएवढे, कुठे मुठीएवढे, कुठे पसरट पोळ्यांसारखे; वाळू, शिंपल्यांचा चुरा, शेवाळाचे धागे अंगात रुतवून बसलेले. आम्ही त्यांना डांबराचे गोळे म्हणायचो. पायाखाली आला की गोळा फुटायचा आणि आतून मऊ, चकचकीत, उग्र वासाचा काळोख तळव्याला चिकटायचा. साबणाने तो हलायचा नाही. आजी मागच्या पायरीवर बसवून तळव्यांना खोबरेल चोळायची, मग गोणपाटाच्या तुकड्याने पुसायची, पुन्हा खोबरेल, पुन्हा गोणपाट. समुद्राच्या पोटातलं काळं तेल माडाच्या पोटातल्या निर्मळ तेलाने हळूहळू सुटत जायचं. तिच्या अंगठ्याचा तो दाब, खोबरेलाचा गोडसर वास आणि त्याखालून येणारा डांबराचा दर्प, दोन्ही माझ्या आठवणीत आता एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

पाण्यावर सांडलेलं तेल आधी इंद्रधनुष्याचे रंग दाखवत पसरतं. त्यातला हलका भाग उन्हाने उडून जातो. उरलेलं लाटांच्या घुसळणीत पाणी पिऊन तपकिरी, दाट, खिरीसारखं होतं. दिवस जातात, तसं ते आटतं, तुटतं, गोळे होतात, आणि नैऋत्येचा वारा त्यांना हाकत हाकत कोकण, गोवा, गुजरातच्या किनाऱ्यांवर आणून टाकतो. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथले संशोधक या गोळ्यांची रासायनिक ओळख तपासतात, बोटांचे ठसे तपासावेत तशी. कधी माग लागतो तो वाटेवर टाक्या धुणाऱ्या टँकरांचा, कधी आपल्याच समुद्रातल्या तेलक्षेत्रांचा. कासवांना मात्र कुळ-मूळ विचारता येत नाही. पाण्यावर तरंगणारा गोळा ती खाद्य समजून गिळतात. वेळासच्या पुळणीवर अंड्यातून बाहेर पडून, ओल्या वाळूवर आपल्या वल्ह्यांची नाजूक नक्षी उमटवत समुद्रात गेलेल्या ऑलिव्ह रिडलेच्या पिलाला पहिल्या घासात काय मिळेल, हे कोण सांगणार?

आणि तरीही त्या आगीचा मला राग करता येत नाही. तिचं ऋण फार मोठं आहे. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं, जगभर किमती चौपट झाल्या, आणि अशा दिवसांत १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या फलाटाने मुंबईच्या पश्चिमेला तेलाला हात लावला. त्याच्या पायाखाली जेमतेम ७५ मीटर पाणी होतं आणि पाठीशी एका गरीब देशाची धडधडती छाती. १९७६ च्या मे महिन्यात तेल वाहू लागलं. परकीय चलनासाठी तळमळणाऱ्या देशाला आपल्याच समुद्राने हात दिला, ही गोष्ट साधी नव्हती. एक रुपयाच्या नोटेवर त्या सागर सम्राटचं चित्र छापलं गेलं. आमच्या लहानपणी खाऊला मिळणारी ती नोट, दमट, मऊ, घामट मुठीत चुरगळलेली. मी ती कितीदा वाण्याच्या पाटीवर ठेवली असेल आणि बदल्यात गोळ्या, पेन्सिली, आवळासुपारी उचलली असेल! ज्या आगीसाठी मी पुळणीवर डोळे ताणत होते, तिचं घर माझ्या मुठीत होतं, आणि मी कधी नोट उलटून पाहिलीच नव्हती.

कोण पाहतं? देशाने तरी कुठे पाहिलं?

त्या तेलाचा उगम आठवला की मन थरथरतं. सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा घडला, तोच लाव्हा पश्चिमेला समुद्राखालीही पसरला आहे. त्या पाषाणावर पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार पाणी आलं. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव जगले, ऊन प्यायले, मेले, चिखलात निजले; वर गाळ साचत गेला, त्यावर चुनखडकाचे थर चढले. ना किनाऱ्यावर कुणी माणूस, ना वर चंद्र बघायला माणसाचा डोळा. कोट्यवधी वर्षांचं ते निजणं, दाब, ऊब आणि मौन यांतून तेल झालं. आपण त्यात नळी घातली आणि जन्मभराच्या घाईत ते वर ओढू लागलो. कोटी वर्षांचं मौन आपण एका पिढीच्या गोंगाटात जाळत आहोत. मी हे लिहिते आहे त्या खोलीतला दिवा, ओट्यावरची निळी ज्योत, उद्या मला गावी नेणारी गाडी, या सगळ्यांत ते मौन चटचटतं आहे.

२००५ चा जुलै मला पाण्याच्या वासाने आठवतो. २६ तारखेला मुंबईवर आभाळ फाटलं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्ते नद्या झाले, लोकल जिथल्या तिथे थिजल्या, अनोळखी माणसं हातांची साखळी करून अनोळखी माणसांना पार नेत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही ओल्या गाद्या, फुगलेली पुस्तकं, चिखल, सारं जिन्यातून खाली काढत होतो. वीज नव्हती. फोन मुके होते. आणि त्याच दुपारी, आमच्या पाण्याने भरलेल्या शहराच्या पश्चिमेला, क्षितिजाआड, समुद्र पेटला होता.

‘समुद्र सुरक्षा’ नावाच्या जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटं कापली गेली होती. अशा हवेत हेलिकॉप्टर येईना. म्हणून त्याला उपचारांसाठी पोचवायला जहाज मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मच्या अगदी अंगाशी आलं. लाटेने जहाज उचललं आणि समुद्रतळ आणि प्लॅटफॉर्म यांमध्ये वायू नेणाऱ्या उभ्या नळावर आदळलं. वायू सुटला. पेटला. दोनेक तासांत लोखंडाचं ते सात मजली विश्व मेणासारखं वाकून पाण्यात गेलं. २२ माणसं गेली. ३६२ जणांना खवळलेल्या पाण्यातून आणि धुरातून वाचवलं गेलं. एका माणसाची बोटं वाचवायला निघालेली दया, आणि तिच्या वाटेत एक लाट. या घटनेत मला खलनायक सापडत नाही, म्हणून ती जास्त छळते. जिथे माणसाने इतकी आग इतक्या पाण्यावर तोलून धरली आहे, तिथे चांगुलपणालाही पाय ठेवायला जागा उरत नाही.

आम्हाला ती बातमी उशिरा कळली. चिखल धुता धुता कुणीतरी रेडिओवर ऐकली. सगळ्यांनी हळहळून मान हलवली आणि पुन्हा बादल्या उचलल्या. आमचं दुःख डोळ्यांसमोर होतं, त्यांचं क्षितिजापलीकडे. माणसाची करुणा त्याच्या नजरेपेक्षा फार लांब जात नाही, हे मला त्या दिवशी जाणवलं.

एकदाच, मला वाटतं, जगाला समुद्राच्या तळाशी पाहावं लागलं. २०१० च्या २० एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या फलाटावर स्फोट झाला. ११ कामगार गेले आणि जवळजवळ दीड किलोमीटर खोल पाण्यातल्या विहिरीचं तोंड उघडं पडलं. ते बंद करायला ८७ दिवस लागले. तोवर तळाशी सोडलेल्या यंत्रांचे कॅमेरे चालूच होते, आणि काही आठवड्यांनी ती दृश्यं जगासमोर खुली झाली. मीही पाहिली. फिकट निळसर अंधार, त्यात एक तुटका नळ आणि त्यातून उसळणारा तपकिरी-काळा लोट, थांबत नाही, दम घेत नाही, चेहरा नाही, आवाज नाही. लोक रात्री झोपण्याआधी तो पाहत, सकाळी उठून पुन्हा पाहत. तो तिथेच असे. आधी मला वाटलं होतं की दोन मिनिटांत कंटाळा येईल. पण नजर हटेना, कारण तो लोट काही नवं सांगत नव्हता. पृथ्वीला भोक पाडून तिच्या नाडीला नळी लावण्याचं जे काम आपण रोज, शिस्तीत, नकाशे आखून करतो, तेच तो नकाशाविना करत होता. मग पेलिकनांची चित्रं आली, चॉकलेटी रंगाने लडबडलेली, चोच उघडी, पंख अंगाला चिकटलेले. ते पाहताना माझे तळवे चिकट झाल्यासारखे वाटले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर झाली आणि ‘एमएससी चित्रा’तून शेकडो टन तेल पाण्यात गेलं. उरणच्या, घारापुरीच्या, अलिबागच्या बाजूला ते सरकत गेलं. मासळीबाजार ओस पडले. कोळणी रिकाम्या टोपल्यांशी बसून राहिल्या, कारण शहराने भीतीने मासे खाणं सोडलं होतं. मी खाडीवर गेले तेव्हा ओहोटी होती. तिवरं नेहमीसारखी हिरवी दिसत होती, पण त्यांच्या बुंध्यांवर भरतीच्या उंचीएवढी काळी रेघ ओढलेली, आणि चिखलातून वर आलेली ती हजारो श्वासमुळं काळ्या लेपात बुडालेली. तिवर चिखलात उभं राहून वरच्या हवेतून श्वास घेतं. त्याची मुळं म्हणजे त्याच्या नाकपुड्या. कोळंबीची, खेकड्यांची, निवट्यांची पाळणाघरं त्याच मुळांत असतात. नेहमी ओहोटीला तिथे निवट्यांची टणटण उडी, खेकड्यांची लगबग, बगळ्यांची वाट पाहणारी एकतंगी उभारी, सारं काही चालू असतं. त्या दिवशी खाजण गप्प होतं. ते तेल विहिरीतलं नव्हतं, जहाजाच्या टाकीतलं होतं. तिवराला हा फरक कळत नाही. १९९३ च्या मे महिन्यात मुंबई हायकडून उरणला येणारी वाहिनी फुटून तेल किनाऱ्याकडे आलं होतं तेव्हाही त्याला कळला नसेल.

जे सांडतं ते निदान दिसतं. न सांडणारंही बरंच असतं. समुद्राखाली तेल कुठे आहे हे शोधताना जहाजामागे हवेच्या तोफा ओढत नेतात. काही सेकंदांच्या अंतराने पाण्यात धमाका, त्याचा प्रतिध्वनी तळाच्या थरांतून परत, पुन्हा धमाका, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. आपल्याला तो ऐकू येत नाही. पण समुद्रात डोळ्यांपेक्षा कानांवर जगणाऱ्यांचीच वस्ती मोठी. अरबी समुद्रातल्या कुबड्या देवमाशांची एक जमात आहे, फार थोडी उरलेली. इतर कुबड्या देवमाशांसारखी ती ध्रुवाकडे जात नाही, हाच समुद्र तिचं बारमाही घर. नर गातात. मैलोन् मैल जाणारं ते गाणं म्हणजे त्यांचं पत्र, त्यांचा पत्ता, त्यांचं निमंत्रण. त्या गाण्यावर दर काही सेकंदांनी तोफ डागली जात असेल, तर देवमासा काय करत असेल? थांबत असेल? पुन्हा पहिल्यापासून सुरू करत असेल? पालघर-डहाणूचे मच्छीमार या सर्वेक्षणांबद्दल तक्रार करतात ती वेगळ्या भाषेत: ऐन हंगामात त्या पट्ट्यात जाता येत नाही, मासळी पळते, डिझेलचा खर्चही निघत नाही. मला या दोन तक्रारी एकच वाटतात. घरात राहणाऱ्याला विचारल्यावाचून घर खणायला घेतलं, एवढंच दोघांचं म्हणणं.

आणि जे जळतं ते धूर होऊन आभाळात जातं, असं आपण धरून चालतो. पण आभाळ ठेव ठेवून घेणारं आहे, ते व्याजासह परत करतं. समुद्र तापला. पुण्यातल्या हवामानशास्त्रज्ञांनी हे वर्षानुवर्षं मोजून मांडलं आहे: आपला सौम्य म्हणवला जाणारा अरबी समुद्र झपाट्याने उबदार होतो आहे आणि त्याच्या अंगावर उठणारी चक्रीवादळं अधिक उग्र होत आहेत. २०२० च्या ३ जूनला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. आजी तेव्हा नव्हती, तिची वाडी होती. दुसऱ्या दिवशी गेले तर आभाळ नको तेवढं मोठं दिसत होतं. पोफळी एका अंगाला झोपलेल्या, माड कमरेत मोडलेले, विहिरीत कौलं, आणि जिथे बारा महिने हिरवी सावली असे त्या मातीवर पहिल्यांदाच पडलेलं लख्ख, निष्ठुर ऊन. ज्या माडांचं खोबरेल माझ्या तळव्यांवर चोळलं जायचं, ते मुळासकट बाहेर आले होते. पोफळ लावल्यापासून पीक द्यायला वर्षं घेते. वाडी नातवंडांसाठी लावतात.

पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ आलं. तेलक्षेत्रात काम करणाऱ्या माणसांच्या राहण्याची ‘पी-३०५’ ही बार्ज नांगर तुटून भरकटली आणि १७ मेला बुडाली. तिच्यावर २६१ जण होते. १८६ वाचले. वाचलेल्यांनी सांगितलं ते असं: रात्र, डोंगराएवढ्या लाटा, अंगात लाइफ जॅकेट, आणि एकमेकांचे हात. हात सुटू द्यायचे नाहीत, एवढंच. कुणी वेल्डर, कुणी रंगारी, कुणी आचारी. दूरदूरच्या गावांतून चार पैसे घरी धाडायला आलेले. तेल जळून समुद्र तापला, तापलेल्या समुद्राने वादळ पोसलं, आणि वादळाने आधी गाठलं ते तेल काढायला आलेल्या गरिबालाच. हे वर्तुळ पूर्ण होतं तिथे कुणी तेलमंत्री नसतो, कुणी भागधारक नसतो, गाडी चालवणारी मीही नसते. आम्ही सगळे क्षितिजाच्या अलीकडे असतो.

पण तोच समुद्र वाराही पाठवतो. तो वारा कुठवर जातो याचा मी कधी विचार केला नव्हता. एका आषाढात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गेले होते, ठोसेघरच्या वर. ढग पठारावरून चालत होते. गवत एका बाजूला लवून सळसळत होतं. बोलावं तर शब्द तोंडातून निघताच वारा तो पळवून नेई. आणि त्या पांढऱ्या धुक्यातून एक लांब पातं खाली येई, जवळून घुमत जाई, पुन्हा वर धुक्यात शिरे. त्यामागे दुसरं, त्यामागे तिसरं. पवनचक्क्यांचं अख्खं रान. मी ओठांवरून जीभ फिरवली. मीठ नव्हतं, ते खाली कोकणातच गळून गेलं असणार. पण वारा तोच होता. मुंबई हायच्या ज्वाळा आडव्या करून, कोळीवाड्यातली झापं फडफडवून, कोकणावर पाऊस सांडून, घाट चढून तो इथे आला होता आणि हलक्या हाताने पाती फिरवत पुढे देशावर निघाला होता. २००५ च्या जुलैत ‘समुद्र सुरक्षा’ला उचलणारी लाट ज्या वाऱ्याने उठवली, तोही याच वाटेने गेला असेल. त्याच्याकडे आग नव्हती. ती आपण त्याच्या वाटेत उभी केली होती.

पठारावरचा गुराखी त्या पात्यांकडे पाहतही नव्हता. त्यांच्या सावल्यांत त्याची म्हसरं चरत होती. मला तिथे जे उमगलं ते अगदी साधं होतं. ही वीज दिसते. ती कुठून येते, कुणाच्या माळावर उभी आहे, कुणाची शांतता मोडते, कुठला पक्षी तिला चुकवतो किंवा चुकवू शकत नाही, हे सारं उघड्यावर आहे. म्हणून तिच्याशी भांडताही येतं. गावकरी येऊन म्हणू शकतात, जमिनीचा मोबदला बरोबर द्या. पक्षी अभ्यासक म्हणू शकतात, हा पट्टा माळढोकांचा, इथे तारा नकोत. क्षितिजाआडच्या आगीशी कोण भांडणार? तिच्यापर्यंत हाक पोचत नाही.

उजेड कुणाला किती हवा असतो, हे मी पुण्या-नगरकडच्या शिवारांत पाहिलं आहे. शेतीची वीज रात्री यायची. मग माघातल्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत माणूस अंगावर घोंगडी, हातात बॅटरी, खांद्यावर फावडं घेऊन दारं धरायला जायचा. उसाच्या फडात बिबट्या, बांधावर साप, पाटात बर्फासारखं पाणी. घरी बायको जागी. दूर मोटरीचा आवाज चालू आहे तोवर तो आहे, असा हिशेब. आता जिथे सौर कृषी वाहिनी पोचली, तिथे पाणी दिवसा मिळू लागलं आहे. निळ्या पट्ट्यांवर ऊन पडतं, मोटर चालते, आणि सूर्य मावळला की शेतकरीही घरी. एका बाईंनी मला सांगितलं, ‘आता हे रातचे घरी असतात.’ ऊर्जेबद्दल मी वाचलेल्या साऱ्या अहवालांपेक्षा हे वाक्य मला मोठं वाटतं. कोळशाचा आणि तेलाचा काळ माणसाला रात्री कामाला लावून गेला. आजचं ऊन आज वापरणारी वीज माणसाला त्याची रात्र परत देते आहे.

हे सोपं नाही, मला ठाऊक आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो. उद्या आपल्या विहिरी बंद केल्या तर आग विझणार नाही, दुसऱ्या कुणाच्या क्षितिजाआड सरकेल. तिथल्या पुळणीवर दुसऱ्या कुणा मुलीचे तळवे काळे होतील. आग विझते ती तिची गरज विझल्यावर. डेन्मार्कने १९९१ साली विंडेबीच्या समुद्रात अकरा पवनचक्क्या उभ्या केल्या, जगातलं पहिलं समुद्री पवनचक्क्यांचं रान, आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, २०२० मध्ये, त्याच देशाने ठरवलं की उत्तर समुद्रात तेलासाठी नवे परवाने नाहीत, २०५० पर्यंत उपसा बंद. मधली तीस वर्षं त्यांनी वारा शिकण्यात घालवली होती. आपल्याकडेही गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात पवनचक्क्या उभ्या करण्यासाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये निधी मंजूर केला आहे. त्या उद्या कोकणच्या समुद्रातही येतील. यायला हव्यात. पण येताना कोळीवाड्याच्या ओट्यावर आधी बसावं, डोल जाळी कुठे लागते, मासळी कोणत्या वाटेने येते, कासव कुठे चढतं, हे तांडेलांना विचारावं आणि मग खांब रोवावा. नाहीतर यंत्र बदलेल, मुजोरी तीच राहील.

मला समुद्राकडून आता आणखी काही काढून नको आहे. ज्या विहिरी आहेत त्या जपून, राखून, म्हाताऱ्या होऊ द्याव्यात; त्यांच्यावर राबलेल्या माणसांना वाऱ्याच्या आणि उन्हाच्या कामावर मानाने घ्यावं, कारण खवळलेल्या पाण्यात लोखंड उभं ठेवण्याची विद्या त्यांच्याइतकी कुणाला येत नाही; आणि नवं भोक पाडू नये. बदल्यात आपल्यालाही काही सोसावं लागेल. छपरावर पट्ट्या येतील, माळावर पाती येतील, आपल्या आवडत्या सूर्यास्तात चार खांब उभे राहतील आणि डोळ्यांना खुपतील. खुपू देत. ज्या आगीवर आपलं घर चालतं तिची किंमत कुणा खलाशाने, कुणा वेल्डरने, कुणा कासवाने आपल्या नजरेआड मोजावी, यापेक्षा ती आपल्या अंगणात, आपल्या डोळ्यांदेखत, आपणच मोजलेली बरी.

माणूस म्हणून एवढा प्रामाणिकपणा आपल्याला जमायलाच हवा.